मागची सीट

पुंता अरेनासला वारा सुटायच्या आधी
नगरपालिकेची माणसं चौकाचौकांत दोर बांधून जातात.
कुणी विचारत नाही, तुझे पाय लटपटतात का.
दोर असतो. ज्याला हवा तो धरतो.
पाद्रीबाबाही धरतात, मी पाहिलंय,
एका हातात टोपी, एका हातात दोर.

मी एलिसेओ. बालसंरक्षण कार्यालयाची पांढरी गाडी चालवतो,
अकरा वर्षं झाली.
मागच्या सीटला लहान मुलाची खुर्ची पक्की बसवलेली.
येताना ती कधी भरलेली असते, कधी रिकामी.
त्यातलं बरं कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

यास्ना पुढे, माझ्या शेजारी बसायची,
एकतीस मुलांच्या फायली सांभाळत.
पहिल्या वर्षी बोलायची,
आईच्या हातच्या कालाफातेच्या मुरांब्याबद्दल,
नवऱ्याच्या घोरण्याबद्दल.
मग नुसती रस्त्याकडे बघायची.
मग रस्त्याकडेही नाही.

खाडीकडचं ते पत्र्याचं घर.
आत काय होतं, मी सांगणार नाही, मी आत गेलो नव्हतो.
पण येताना ती आणि तो मुलगा
अर्धा तास माझ्या गाडीत होते,
आणि मला कान आहेत.

त्यानंतर ती घरी लेकीला आंघोळ घालताना
दंड बघायची, पाठ बघायची, कानामागे बघायची.
लेक म्हणाली, आई, तू मला धुतेस की मोजतेस?
हे तिनंच सांगितलं, सिग्नलला, हसत.
सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवत राहिले.

ऑफिसनं आधी एक पोस्टर लावलं:
सूर्योदय, खाली ‘स्वतःची काळजी घ्या’.
मग प्रत्येकाला दाबायला एक रबरी चेंडू.
मग सान्तियागोहून एक बाई आल्या,
सगळ्यांना डोळे मिटायला लावले, श्वास मोजायला लावले,
आणि दुपारच्या विमानानं परत गेल्या.
संध्याकाळी यास्नाच्या टेबलावर बत्तिसावी फाईल.
चेंडू तिनं मला दिला. माझा कुत्रा खेळतो त्याच्याशी.

जूनमध्ये, ऐन काळोखाच्या दिवसांत, ओरियानानं राजीनामा दिला.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द: झोप.

मिर्कोसाहेब तो कागद खिशात घेऊन आठवडाभर फिरले.
एका सोमवारी गाडीत मागे येऊन बसले,
मुलाच्या खुर्चीला चिकटून, अंग चोरून.
म्हणाले, आज मीही येतो.
तीन घरं झाली. तिसऱ्या घरातून बाहेर आले
तेव्हा त्यांना गाडीच्या दाराचं हँडल सापडेना.

मग बदललं काही. हळूहळू, कुरकुरत.
सतरा फायली, अठरावी नाही;
उरलेल्या मुलांसाठी माणसं द्या म्हणून
त्यांनी वरच्यांशी भांडण काढलंय, ते अजून मिटलेलं नाही.
अवघड घरी दोघं जातात.
अहवाल त्याच रात्री लिहायचा नाही.
परत आलेल्या माणसाचा फोन तासभर दुसरं कुणीतरी घेतं.
आणि गुरुवारी दार लावून सगळे बसतात,
किटली, पाव, थोडं लोणी.
तिथं कोण रडलं ते नोंदवहीत जात नाही.
पोस्टर साहेबांनी स्वतः काढलं,
भिंतीवर उजळ चौकोन उरलाय तेवढा.

यास्ना बरी झाली, असं मी म्हणणार नाही.
लेकीला आंघोळ आता नवरा घालतो.
पण परवा मुरांब्याची बरणी आणली होती तिनं.

गुरुवारी मी बाहेर थांबायचो, गाडीत, हीटर लावून.
मागच्या महिन्यात तिनं काचेवर टकटक केली:
तुलाही कान आहेत ना, एलिसेओ?

आत एक जास्तीची खुर्ची ठेवलेली.
मी म्हटलं, अहो, मी नुसती गाडी चालवतो.
कुणी काही बोललं नाही. किटलीचं झाकण थडथडत होतं.
अकरा वर्षांतलं आधी काय सांगायचं?
मी त्या मुलाच्या बुटापासून सुरुवात केली,
एकच, डावा,
अजून माझ्या सीटखाली आहे.